चोर दात

सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. "जरा हसून दाखव," म्हणाले. पुण्याहून रात्रभर बसमध्ये अवघडून आलेली मी, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात प्रवेशाचे कागद, आणि समोर हा उंच, किंचित वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे बघतोय. हसण्यासारखं काही नव्हतं, तरी हसले. सरांनी एकदाच पाहिलं आणि मान वळवली. "ए-थ्री. चहा फार पितेस. आणि वरच्या डाव्या दाताला लहानपणी मार लागलेला आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मग त्यांनी कागदांवर सही केली, आणि इंदूरच्या त्या डेंटल कॉलेजात मी त्यांची विद्यार्थिनी झाले. एमडीएस संपेपर्यंत मी त्यांच्यासाठी ए-थ्रीच राहिले.

दंतवैद्यांकडे खोट्या दातांची एक पट्टी असते. ए-वन म्हणजे जवळजवळ दुधाचा रंग, ए-फोर म्हणजे कडक चहाचा, आणि पुढे बी, सी, डी अशी पिवळ्या-करड्या छटांची खानदानं. कॅप बसवायची असली की ही पट्टी शेजारच्या दाताजवळ धरून रंग जुळवायचा. आम्ही पोरं पट्टी फिरवून फिरवून रडकुंडीला यायचो. सरांना पट्टी लागतच नसे. गावातले निम्मे डॉक्टर अडलेले पेशंट त्यांच्याकडे पाठवत. सर पेशंटच्या भडक कपड्यांवर एक राखाडी कापड पांघरत, बाईंना लिपस्टिक पुसायला लावत, उत्तरेच्या खिडकीशी उभं करत आणि एकदा बघून रंग सांगत. दुसऱ्यांदा बघत नसत. "पहिली नजर खरी," ते म्हणायचे, "दुसरी आपल्या सोयीची."

माणसं त्यांच्या लक्षात राहत तीही रंगावरून. विभागाचे हेड म्हणजे सी-टू साहेब. लायब्ररीवाल्या मॅडम बी-वन, आणि त्यांच्याविषयी बोलताना सरांच्या आवाजात एक खास आदर यायचा. स्वतः सर ए-फोर. एवढ्या लोकांचे दात उजळता, मग स्वतःचे का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मला चहा आवडतो. अगं, दात पण माझे, चहा पण माझा. कोणाला दिक्कत?"

काकूंना होती. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. होळकरांच्या काळापासून इंदुरात असलेल्या मराठी घरातल्या, बोलायला एकदम मोकळ्या. त्यांनी मला अन्नपूर्णा मंदिराजवळच्या त्यांच्या घरी जेवायला बोलावलं तेव्हा पहिली तक्रार हीच केली की ह्यांना लग्नाला नेता येत नाही. एका रिसेप्शनला सर स्टेजवर चढले, नवऱ्या मुलाचा हात हातात घेतला आणि मनापासून म्हणाले, "कॅप मस्त बसवली आहे हं. बस, शेड एक नंबर डार्क झालाय." मुलाच्या समोरच्या दाताला कॅप आहे हे मुलीकडच्यांना ठाऊक नव्हतं. "फोटोवाला पण थांबला हो," काकू पोळी वाढता वाढता म्हणाल्या. "मी तर तशीच खाली उतरले, आइस्क्रीम पण नाही खाल्लं." सर शांतपणे वरण ओरपत होते. "पण होता ना डार्क," ते म्हणाले.

त्यांचं खरं वेड मात्र एकच होतं. डाग पडलेला दात नेमका कशाने पांढरा होतो? हल्ली सगळ्यांनाच पांढरे दात हवेत, ओपीडीत रोज कोणी ना कोणी मोबाइल पुढे करून विचारायचं. कोणी लिंबू-सोडा घासून आलेलं असे, कोणी कोळशाची काळी पूड. आम्ही गालातल्या गालात हसायचो. सर हसत नसत. "लिंबाने होत नाही, हे तुला मालूम आहे? करून बघितलंस? नाही ना. मग हसते कायले?" आणि मग त्यांच्या आवडीचं वाक्य, "करून बघू."

माझा प्रबंध असा ठरला. काढलेले दात जमवायचे, त्यांना डाग पाडायचे, आणि पाच वाटे करायचे. एकाला दवाखान्यात लावतात ते कडक पेरॉक्साइड, दुसऱ्याला घरी रात्री लावायचं सौम्य जेल, तिसऱ्याला कोळसा, चौथ्याला लिंबू-सोडा आणि पाचव्याला नुसतं पाणी. कोण जास्त उजळतो ते बघायचं. ऐकायला सोपं होतं.

पहिला वाद डागावरून झाला. परदेशी शोधनिबंधांत दात कॉफीत किंवा रेड वाइनमध्ये बुडवतात. मी कॉफीची बाटली घेऊन गेले तर सर म्हणाले, "बेटा, अपन इंदूरमध्ये आहोत. इथे रेड वाइनने कोणाचे दात खराब होतात? इथे चहा आहे, सुपारी आहे. डाग पण इथलाच पाहिजे ना." निदान कोरा चहा घेऊ या, असं मी सुचवलं, कारण दुधामुळे डाग हळू चढतो. सरांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "कोरा कोण पितं?"

म्हणून कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या ठेल्यावरून रोज आल्याचा, दुधाचा, साखरेचा चहा यायचा. विभागातल्या उबेच्या पेटीत दात त्यात बुडून बसायचे, आणि अख्ख्या मजल्यावर लग्नघरासारखा वास सुटायचा. ठेल्यावरचे भिया, म्हणजे इंदुरी भैया, मला लांबून बघूनच विचारायचे, "मॅडम, आपकी कि दाँतों की?" दातांच्या चहात आलं कमी टाकायला लागलेत असा सरांना संशय होता, तेव्हा ते स्वतः जाऊन भियांना समज देऊन आले. डाग चढायला वेळ लागला. बरोबरीच्या मुलांचे प्रबंध लिहून होत आले तरी माझे दात चहातच होते.

दात जमवायचं काम सरांनी आनंदाने अंगावर घेतलं. त्यांची एक जुनी स्कूटर होती. बेटम्यापासून मानपुरापर्यंत आसपासच्या गावांतले ओळखीचे डॉक्टर त्यांच्यासाठी काढलेले दात पाण्याच्या बरणीत जपून ठेवत. असंच एकदा मानपुराहून येताना हायवेवर पोलिसाने अडवलं आणि डिकी उघडायला लावली. हा किस्सा सर फार रंगवून सांगायचे. पोलीस बरणी उजेडात धरून म्हणाला, "ये क्या है?"

"दाँत."

"किसके?"

"अब तो किसी के नहीं."

पोलीस गंभीर झाला. सरांनी तेवढ्यात त्याच्या तोंडाकडे बघून घेतलं होतं. "भिया, सुपारी बाएँ गाल में रखते हो. उधर का पिछला वाला हिल रहा है न?" पोलिसाने बरणी खाली ठेवली आणि गालाला हात लावला. पुढच्या आठवड्यात तो ओपीडीत हजर झाला. दात काढावाच लागला, आणि सरांनी त्याची रीतसर परवानगी मागून तो आमच्या बरणीत टाकला.

या सगळ्या वेडात एका बाबतीत मात्र ते अतिशय कठोर होते. अंतिम रंग तेच सांगणार होते, कारण त्यांच्या नजरेवर सगळ्यांचाच भरवसा होता. रंग मोजायची मशीन असते, पण सर म्हणायचे, "आरशासमोर कोण मशीन घेऊन उभं राहतं?" तरी स्वतःच्या नजरेवर त्यांनी स्वतःच पहारा बसवला. दातांवर फक्त नंबर असायचे. कुठला दात कुठल्या वाट्याचा हे फक्त मला माहीत. शिवाय त्यांनी मला सांगितलं, "मध्ये मध्ये चोर टाकायचे. एकच दात दोनदा दाखव, वेगळ्या नंबराने. पाण्यातला दात पेरॉक्साइडवाल्यांमध्ये घुसव. मी चोर पकडला तर माझं ऐक. नाही पकडला तर माझं काहीच ऐकू नको. आणि मला कळू देऊ नको, समजलं?" असे चोर टाकूनच त्यांनी आजवर सगळ्यांना रंग ओळखायला शिकवलं होतं. दुसरे कोणी प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्याला स्वतःवर सापळा लावायला शिकवताना मी अजून तरी पाहिलेले नाहीत.

सुरुवातीच्या चाचणीत त्यांनी माझे सगळे चोर पकडले होते. एक दात हातात घेऊन तर म्हणाले, "हा मघाशी येऊन गेला, कपडे बदलून आलाय."

त्यानंतर दुधाच्या चहाने बराच काळ खाल्ला. मधल्या काळात सर थोडे चिडचिडे झाले होते. काकू शर्ट नीट धूत नाहीत, पिवळे पडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. काकूंनी साबण बदलला. खिडकीजवळचं राखाडी कापडही कळकट झालं म्हणून त्यांनी टाकून दिलं, नवीन आणलं, आणि दुकानदाराने माल जुना दिला म्हणून त्याच्याशी भांडून आले. वय झालं की माणूस असा होतो, असं मला वाटलं.

शेवटी दात उजळून झाले आणि अंतिम निरीक्षणाचा दिवस आला. सरांनी हात धुतले, खिडकीशी बसले, मी एकेक दात कापडावर ठेवत गेले आणि ते रंग सांगत गेले. सगळं झाल्यावर निकालाचा अंदाज त्यांना आपोआपच आला, कारण जवळजवळ प्रत्येक दात त्यांनी पिवळाच सांगितला होता. ते खुर्चीतून उठले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बघितलंस? काहीच काम नाही करत. ना जेल, ना पेरॉक्साइड. सगळे पाण्याबरोबर. लोक एवढं महागाचं लावून घेतात, आणि शेवटी पाणी. बेटा, हे छापून आलं ना, तर हंगामा होईल."

मी नंबरांची यादी उघडून चोर तपासायला बसले. सरांनी एकही चोर पकडला नव्हता. एकच दात दोन नंबरांनी दाखवला तर दोन वेगळे रंग सांगितले होते. लख्ख उजळलेला दात आणि नुसत्या पाण्यातला दात, दोन्ही ए-थ्री. मला स्वतःला त्यातला फरक टेबलाच्या पलीकडून दिसत होता. सर तोवर बाहेर ठेल्यावर सगळ्यांना चहा पाजत होते. प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर आली होती. ही निरीक्षणं गेली तर माझी परीक्षा गेली, हे मला त्याच क्षणी कळलं.

ते वर आले तेव्हा मी सांगितलं, "सर, चोर सुटले."

"किती?"

"सगळे."

त्यांनी माझ्यावर अविश्वास दाखवला नाही. "पुन्हा टाक," म्हणाले. मी नंबर बदलले, दात पुन्हा मांडले. त्यांनी पुन्हा पाहिलं. चोर पुन्हा सुटले. मग त्यांनी एका डोळ्यावर हात धरला आणि समोरच्या कापडाकडे पाहिलं, दुसऱ्या डोळ्यावर हात धरून पाहिलं. "ए-थ्री, हे कापड तुला कसं दिसतं?"

"राखाडी."

"पक्का?"

"हो सर."

"मला खाकी दिसतंय," ते म्हणाले. त्यांनी ते कापड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. मग हळूच म्हणाले, "तुझ्या काकूला उगीच बोललो गं मी."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पिवळसर, हळूहळू चढलेला, म्हणून त्यांना कळलाच नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन साधं आहे असं सांगितलं, आणि ते साधंच होतं. अवघड होतं ते त्याआधीचं.

हेड साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, व्यवहारी होता. म्हणाले, "देखो बेटा, ये चोर-वोर का जिक्र ही मत करो. ये तो सर का अपना तरीका है, किसी ने माँगा थोड़ी है. रीडिंग है, साइन है, जमा कर दो. नहीं तो तुम्हारे छह महीने गए." खरं सांगते, मला ते पटलं होतं. घरी बाबा रोज फोन करून विचारत होते, कधी संपतंय. मी काही बोलायच्या आत दार ढकलून सर आत आले. बहुतेक मला शोधत आले असावेत.

"साहब, मीटिंग कब है?"

"कौन सी मीटिंग?"

"स्टाफ की. मुझे बोलना है."

मीटिंगमध्ये पदव्युत्तर विद्यार्थी मागे बसत, म्हणून मी तिथे होते. ज्या माणसाच्या नजरेच्या जोरावर अख्खा विभाग मिरवत होता, तो माणूस उभा राहिला आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हणाला, "मेरी नजर पीली हो गई है. इस लड़की की पूरी रीडिंग मैंने ली है और सब गलत है. गलती इसकी नहीं, मेरी है. इसको समय चाहिए." कोणीतरी म्हणालं, सर, होता है. सर म्हणाले, "होता है, इसीलिए तो बता रहा हूँ." आणि खाली बसले.

त्या दुपारी ते ओपीडीच्या बाकावर बसून एकेका डॉक्टरला फोन लावत होते. अलीकडे ज्यांच्यासाठी कॅपचा रंग सांगितला होता, त्या प्रत्येकाला. "तो पेशंट पुन्हा बोलव. शेड मी चुकीचा दिला असेल. नाही रे, मजाक नाही करत." पलीकडचे हसत असणार, कारण सर पुन्हा पुन्हा तेच समजावत होते. ओपीडीत येणारे-जाणारे ऐकत होते. सरांनी आवाज लहान केला नाही.

मुदत मिळाली, पण परीक्षा पुढच्या सत्राला गेली. बरोबरीची मुलं पास होऊन पेढे वाटून गेली. मला सरांचा राग आला, फार आला. एवढं खरं वागायचं होतं तर आपल्या जिवावर वागायचं, माझ्या का, असं वाटायचं. मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. त्यांना ते कळलं असणार. एकदाच म्हणाले, "तुझे महिने मी खाल्ले, बेटा. परत तर नाही देऊ शकत. काम देऊ शकतो."

आणि खरंच दिलं. उजळलेल्या दातांचा रंग पुन्हा थोडा उतरतो, त्यामुळे जुने दात वापरण्यात अर्थ नव्हता. सगळं पहिल्यापासून करायचं होतं. ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून सर रोज सकाळी ठेल्यावरून चहाची किटली घेऊन जिना चढायचे. प्राध्यापक माणूस, वर्गात जाण्याआधी पेटीतला शिळा चहा ओतायचा, दात धुवायचा, ताजा चहा भरायचा. मी मदतीला गेले की म्हणायचे, "तू लिही. हे माझं आहे." किती दिवस एखादा माणूस एवढं करील, असं म्हणून मी राग धरून बघितला. तो माझ्याकडून धरवला नाही.

ऑपरेशननंतर त्यांची नजर पहिल्यासारखी, किंबहुना जास्तच चोख झाली. मला पाहून पहिल्याच दिवशी म्हणाले, "अगं, तू तर ए-टू आहेस." हाक मात्र ए-थ्रीच राहिली. तरी या वेळी रंग सांगायला ते बसले नाहीत. ते काम मी आणि आणखी दोन डॉक्टरांनी केलं. चोर टाकायला बाहेरच्या विभागातले एक जण बोलावले. सर त्या दिवशी खोलीतही आले नाहीत. निकाल असा लागला की कडक पेरॉक्साइड आणि घरचं जेल अखेर सारखंच उजळवतात, फक्त एक लवकर आणि दुसरं सावकाश. लिंबाने आणि कोळशाने दात खरखरीत झाले. काही हंगामा होण्यासारखं त्यात नव्हतं. सरांनी तक्ते नीट वाचले आणि म्हणाले, "चला. आता मालूम झालं."

माझ्या मसुद्यात मी लिहिलं होतं की पहिल्या फेरीतली निरीक्षणं तांत्रिक कारणामुळे रद्द केली. सरांनी त्यावर काट मारली आणि स्वतःच्या हाताने वाक्य लिहिलं, की निरीक्षकाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं, म्हणून त्याची सर्व निरीक्षणं रद्द केली. पुढे निरीक्षक म्हणून आपलं पूर्ण नाव घातलं. मी म्हटलं, सर, नाव कशाला? त्यांनी पेन खिशाला लावलं आणि वर्गावर निघून गेले.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्क परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंध मन लावून वाचलेला होता. चांगले प्रश्न विचारले, मला उत्तरंही आली. शेवटी त्यांनी ते पान उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्या शेजारी बसलेल्या सरांकडे पाहून आवाज खाली आणला. "डॉक्टर साहब, काम बहुत साफ है. बस ये लाइन निकलवा दीजिए. आपके रिटायरमेंट के पहले, इस तरह नाम... अच्छा नहीं लगता. इसके बिना भी थीसिस पूरी है."

मी सरांकडे पाहिलं. ते परीक्षकांच्या तोंडाकडे नाही, सरळ डोळ्यांकडे बघत होते.

"सर," ते म्हणाले, "पूरी थीसिस में यही एक लाइन मेरी है. बाकी सब इस लड़की का है. मेरी वाली रहने दीजिए."